जिना चढल्याबद्दल नामंजूर

शिंपीमास्तरांच्या फुप्फुसांनी गेल्या आठ वर्षांत हळूहळू अंग काढून घेतलं होतं. आता दारापासून नळापर्यंत जायचं म्हटलं तरी मध्ये एकदा बसावं लागे. घरी वापरायचं प्राणवायूचं यंत्र सरकारी रुग्णालयातून मिळत असे. अट एकच: अर्जदाराला सहा मिनिटं सपाट जागेवर चालवून तो किती थकतो, हे खात्याने स्वतः पाहिलं पाहिजे.

थकण्याच्या बाबतीत मास्तरांचा स्वतःवर पूर्ण भरवसा होता.

नियमाने चाचणीला तीस मीटर सरळ जागा हवी. तसा व्हरांडा तळमजल्यावर होता. पण चाचणीसाठी ताटकळणाऱ्यांची गैरसोय नको, म्हणून तिथे बाकडी टाकली गेली. मग चालायला चार पावलं उरली. तेव्हा चाचणी गच्चीवर हलवली, चार मजले वर. लिफ्टला पास लागे, आणि पास मिळे तो चालण्याच्या चाचणीत नापास झालेल्यांनाच.

"चला मग," मास्तरीणबाई म्हणाल्या, "नापास व्हायला वर जाऊ."

दुसऱ्या मजल्यावर मास्तरांचे ओठ निळे पडले. तिसऱ्यावर बाईंनी त्यांच्याच फायलीने त्यांना वारा घातला. सव्वा तासाने गच्ची आली.

"कसे आलात?" तंत्रज्ञाने विचारलं.

मास्तरांकडे उत्तरापुरता श्वास नव्हता. बाई म्हणाल्या, "जिन्याने."

"चारही मजले?"

"मधला एखादा गाळता येतो का?"

तंत्रज्ञाने लिहिलं: 'अर्जदार चार मजले चढतो. चाचणीची आवश्यकता नाही.'

"अहो, ह्यांचा चेहरा तरी बघा!"

"चेहऱ्याला रकाना नाही, मावशी."

"पण मी... चाललोच... कुठे?" मास्तर कसेबसे म्हणाले.

"तेच तर! चालून थकल्याचा पुरावाच नाही तुमच्याकडे. अपील करा. तळमजल्यावर."

अपील अधिकाऱ्याने कागद दोनदा वाचला. चार मजले चढून त्याच दिवशी उतरलेला फुप्फुसाचा रुग्ण त्याच्या कारकिर्दीत आजवर आला नव्हता. तो खुर्चीवरून उठला, मास्तरांचा हात हातात घेतला आणि अपील फेटाळलं. लगेच फोटोवाल्यालाही बोलावलं.

"आजोबा, जरा हसा!"

मास्तरांनी श्वासासाठी तोंड उघडलं. फोटोत ते मनमोकळं हसू म्हणून आलं.

महिन्याभरात तो फोटो प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लागला. खाली ठळक अक्षरं: 'हे करू शकतात, मग तुम्ही का नाही?'

तुम्हीही पाहिलाच असेल. परवा दवाखान्यात तुमच्या शेजारी एक म्हातारा धापा टाकत बसला होता. तुम्ही भिंतीकडे बोट दाखवून त्याला म्हणालात, "काका, त्यांच्याकडून काहीतरी शिका. सगळं मनाचं असतं."

मास्तर तुम्हाला उत्तर देणार होते. पण तेवढ्यात तुमचा नंबर आला.