शिरीषकाकांचा जपानी बँड

शिरीषकाका रोज सकाळी साडेनऊला आपल्याच ड्राइव्हवेतल्या गाडीत बसतात, सीटबेल्ट लावतात, एसी सुरू करतात आणि जपानीत ओरडतात. गाडी एक इंचही हलत नाही. पाऊण तासाने बेल्ट काढून, ह्यूस्टनपर्यंत जाऊन आल्यासारखे दमून घरात जातात.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या गल्लीला याचं कौतुक आहे. मला नाही. मी जुन्या गाड्या घेऊन विकतो. दुसऱ्याच्या गॅरेजात टायर बदलता बदलता स्वतःचं यार्ड उभं केलं, ते माणसांच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून नाही. आणि ही गाडी काकांनी मला द्यायचं कबूल केलं होतं. तीनदा. तिन्ही वेळा हातात हात दिला, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी फोन आला, "अरे विजय, जरा थांब रे. अजून दोन गाणी बसायची आहेत."

गाणी बसवायला कोणी गाडी अडवून ठेवतं? मला सरळ वास आला, दुसरं गिऱ्हाईक लागलंय.

शिवाय काका म्हणजे तेलकंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर, कडक इस्त्रीचा शर्ट, जन्मभर नाट्यसंगीत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गिटार दिसली की उठून पार्किंग लॉटमध्ये जाणारे. अशा माणसाला त्र्याहत्तराव्या वर्षी जपानी रॉक बँडचं वेड लागतं, हे तुम्हाला पटतं? मला पटलं नाही. मी काचेवर टकटक केली की काच दोन बोटं खाली यायची.

"ऐक, पुढची ओळ ऐक! इथे ड्रम थांबतो."

"काका, गाडीचं काय?"

"चाळीस वर्षं तेच चौघं वाजवतायत, विजय. आपलं मंडळ दर दोन वर्षांनी फुटतं!"

"फोनवर ऐका ना गाणी. गाडीतल्या सीडी प्लेअरसाठी कशाला हा खटारा ठेवता?"

"खटारा? मग तुला कशाला हवी?" आणि काच वर.

काकूंना गाठलं, तर त्या शेंगा सोलत म्हणाल्या, "मला नको विचारूस बाबा. घरात गायला लाजतात. मी आपली खिडकी लावून घेते."

काकूही सामील, अशी माझी खात्री झाली.

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी सहाला मी विक्रीचे कागद आणि पेन घेऊन गेलो. आज सही, नाहीतर संबंध संपले. काका गाडीतच होते. मी बाजूचा दरवाजा धाडकन उघडला आणि आत बसलो.

"काका, आज मी ऐकणार नाही..."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर जोरात चापट मारली आणि ओठावर बोट ठेवलं. डॅशबोर्डवर फोन लावलेला होता. फोनमध्ये सहा-सात वर्षांची एक मुलगी, समोरचे दोन दात पडलेले.

काकांनी जपानीत एक ओळ गायली. मुलगी खिदळली आणि काहीतरी बोलली.

"माझी नात. हाना," काका माझ्या कानाशी म्हणाले. "तिला विचारलं, जेवलीस का?"

"गाऊन?"

"जेवलीस का असं कुठल्या गाण्यात असतं? 'तुझ्या खिडकीतला दिवा अजून लागलाय का' एवढंच येतं मला. आमच्यात त्याचा अर्थ जेवलीस का."

"क्लास लावायचा ना!"

"लावला होता. तिथे स्टेशन कुठे आहे ते शिकवतात. मला स्टेशन नव्हतं विचारायचं."

त्यांच्या मांडीवर सीडींच्या छोट्या पुस्तिका होत्या. प्रत्येक जपानी ओळीखाली पेन्सिलीने, बारीक इंग्रजी अक्षरांत, उच्चार लिहिलेले.

"सूनबाई दर दिवाळीला जपानहून एक सीडी पाठवते. तिचा शाळेपासूनचा बँड. मी त्यांच्या लग्नालाही गेलो नव्हतो, विजय. आणि तरी ती माझ्यासाठी ओळ न् ओळ लिहून पाठवते. तिने पाठवलेल्या सीडी मी वाजवायच्या नाहीत?"

"आणि तुमचा मुलगा? निखिल?"

"तो फोन लावून देतो आणि खोलीतून निघून जातो."

मला खरं तर अजूनही शंका होती. माणूस सही टाळण्यासाठी काहीही करतो. पण तेवढ्यात हानाने काहीतरी विचारलं. या वेळी ती हसत नव्हती. 'पापा' एवढा शब्द मलाही कळला.

काका पुस्तिका चाळू लागले. एक झाली, दुसरी झाली, तिसरी हातातून निसटून गिअरपाशी पडली. मी ती उचलून दिली.

"काय विचारतेय?"

"तुम्ही बाबांशी का बोलत नाही." ते पानं उलटतच होते. "'का' आणि 'बोलणं', हे दोन्ही शब्द गाण्यांत सारखे येतात, म्हणून कळलं. पण उत्तर नाही रे. सगळी गाणी सोडून गेलेल्या पोरींची. बापाने काय म्हणायचं, ते एकातही नाही."

पलीकडे हाना थांबली होती. लहान मुलं एवढी थांबत नाहीत.

काकांनी पुस्तिका मिटली. घसा खाकरला. आणि सरळ मराठीत म्हणाले, "हाना, निखिलला बोलव."

तिला कळलं ते नावच असणार. ती पळत गेली. स्क्रीनवर रिकामी खुर्ची राहिली.

मी कागद काखेत मारून उतरलो आणि दरवाजा हळूच लावला. आत काका आरशात बघून शर्टाची कॉलर नीट करत होते. फोनमधून कोणाची तरी मोठी पावलं जवळ येत होती.