झोळीला चेन

रविवारी दुपारी अंगणातल्या निंबाखाली सुखानं झोपायचं, एवढंच मी ठरवलं होतं. माणसानं एवढंसं ठरवावं आणि त्यापायी सख्ख्या बहिणीचं लग्न मोडायची वेळ यावी, हे फक्त माझ्याच बाबतीत होऊ शकतं. (आमच्या पंचायत समितीच्या ऑफिसात याबद्दल दुमत नाही.)

देऊळगाव राजाला आमचं घर आहे, घराला अंगण आहे, अंगणात निंब आहे. पण झोपायचं कशावर? बाजेत ढेकूण. जमिनीवर मुंगळे. आणि माश्या अशा, की तोंड उघडं टाकून घोरायची सोय नाही. (मी घोरत नाही. घोरतो असं कोकिळा म्हणते. कोकिळा म्हणजे आमची बायको.) अशात ऑफिसच्या कामानं जालन्याला गेलो असताना एका भंगारवाल्याच्या दुकानात मला ती दिसली, आणि मी जागच्या जागी थबकलो.

ती म्हणजे झोळी.

"अमेरिकन मिल्ट्री का माल है, साब," भंगारवाला म्हणाला. "बर्मा के जंगल में गोरे इसमें सोते थे. नीचे शेर घूमता था, ऊपर गोरा खर्राटे मारता था."

तळाला जाड हिरवं कापड, वर पावसासाठी छत, आणि दोहोंच्या मध्ये चारी बाजूंनी जाळीच्या भिंती. दोन टोकं दोन झाडांना बांधली की हवेत लटकणारी स्वतंत्र खोलीच. मी ती काखोटीला मारली आणि मोटारीत बसलो. वाटेत मला एकदाही वाटलं नाही, की गोऱ्याच्या झोपेत आणि माझ्या झोपेत काही फरक असेल.

घरी एक टोक निंबाला, दुसरं ओट्याच्या खांबाला बांधलं. फरक होता तो आत शिरण्यात. त्या झोळीला वाट एकच, डोक्याच्या बाजूला, नाडी ओढून बंद करायचं एक तोंड. मी त्यातून डोकं घातलं, मग खांदे घातले, मग सरपटत आत गेलो, तेव्हा लक्षात आलं की डोकं पायाशी आलंय. वळायला गेलो तर झोळीच उलटी झाली. छत खाली, मी छतावर, आणि माझं नाक जाळीतून बाहेर. अंगणात भाकरीएवढी सावली होती, तीत उभ्या राहून घरातल्या दोघी हे पाहत होत्या.

त्यातली एक हसायला लागली. ही चांगुणा, माझी धाकटी बहीण. आई-वडील गेल्यावर मी आणि कोकिळेनं तिला वाढवलं. रंगानं सावळी, कामाला वाघीण, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. अडचण एकच, तिचं हसू. ते सुरू होताना बारीक असतं, मग वाढत वाढत निंबावरचे कावळे उडवतं आणि शेवटी तिला जमिनीवर बसवतं. या हसण्यापायी दोन स्थळं गेली होती. सिंदखेडकडच्या पाहुण्यांची टोपी शिंकेसरशी चहात पडली तेव्हा ती हसली. मेहकरकडच्या पाहुण्यांचं काहीच पडलं नाही, तरी आधीची टोपी आठवून हसली.

दुसरी, म्हणजे कोकिळा, हसली नाही. ती झोळीभोवती फिरली. कापड चिमटीत धरून पाहिलं, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"याले बाजूनं दार पायजे," ती म्हणाली.

"अगं, ही मिल्ट्रीची आहे. त्यांनी विचार करूनच—"

"विचार त्याईचा असन. अंग तुमचं हाय. बाजूले लांब चेन लावली तं माणूस खाटेवर बसते तसा बसन, मंग आडवा होईन. आता पोत्यात उंदीर शिरल्यासारखे शिरून राह्यले तुमी."

चेन म्हणजे शहरी बायांच्या पर्सला असते ती, रनर सरकवला की दोन्हीकडचे दात एकमेकांत बसतात. तेव्हा आमच्या गावात ती नवलाचीच होती. तिनं मला पुन्हा जालन्याला पाठवलं. त्याच भंगारवाल्याकडून मी जुन्या तंबूची हातभर काय, पुरुषभर लांब पितळी चेन आणली.

कोकिळा खामगावची. माहेराहून हातानं फिरवायचं शिलाई मशीन घेऊन आलेली. गल्लीतली निम्मी पोलकी तिच्या हातची. पण ते काम मी त्या आठवड्यात पाहिलं, आणि खरं सांगतो, पाहतच राहिलो. जाळी कापायच्या आधी तिनं कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पट्टी शिवून घेतली, म्हणजे जाळीचा एक धागा सुटायला नको. मशीनची सुई जाड कापडात मोडायला लागली, तेव्हा मोठ्या सुईनं, दोऱ्याला मेण लावून, हातानं दुहेरी टीप घातली. चेनीवरून मच्छर शिरू नये म्हणून वर झाकणपट्टी. दोन्ही टोकांना, जिथं ताण येणार तिथं, बोटभर जागेत ठोकून बसवल्यासारखी शिवण. मी ओढून पाहिलं. मी हललो, शिवण हलली नाही.

मीसुद्धा स्वस्थ बसलो नव्हतो. मीही एक सुधारणा सुचवली. "आता बाजूला दार झालं, मग हे डोक्याकडचं तोंड कशाला? शिवून टाक."

"राहू द्या ना. काई नडते का?"

"मच्छर शिरतात."

माझ्याकडे एकदा पाहून तिनं ते शिवून टाकलं. तेही दुहेरी टीप घालून.

चांगुणाला पाहायला अमडापूरचे महादेवराव बायको-मुलाला घेऊन येणार होते, ते त्याच आठवड्याच्या रविवारी. चिखलीहून संध्याकाळच्या मोटारीनं पोचणार होते. सकाळपासून घर सारवून झालं होतं. चांगुणाला सगळ्यांनी बजावून झालं होतं: काहीही पडो, कोणीही शिंको, हसायचं नाही. तीही बिचारी ओठ घट्ट मिटून फिरत होती. जेवण झालं आणि मी झोळीत बसलो. अगदी खाटेवर बसावं तसा बसलो, आणि आडवा झालो.

"चेन लाव," मी म्हणालो.

"थांबा जरा. रनरची कडी बाहेरून हाय. आतून ओढाले फीत लावाची राह्यली."

"पाच मिनिटं पडतो गं. तू इथंच आहेस ना?"

तिनं चेन ओढली. 'झर्र' असा आवाज झाला आणि मी सरकारी पाकिटासारखा बंद झालो. "जनकाबाईकडून कपबशा घेऊन येते," म्हणून ती शेजारी गेली. वारा आला. झोळी हलली. जाळीतून निंबाचा वास आला. बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत इतकं सुख मला आजवर मिळालेलं नाही. मी झोपलो.

जाग आली ती फाटकाच्या आवाजानं.

"हेच घर होय जी. निंब हाय ना अंगणात."

जाळीतून मला फेटा दिसला, जरीच्या काठाचं लुगडं दिसलं आणि मागं पांढरा पायजमा घातलेला एक उंच तरुण. चिखलीला त्यांना जालन्याकडे जाणारा कांद्याचा ट्रक मिळाला होता, आणि पाहुणे भर दुपारी येऊन ठेपले होते!

मी आतून चेन उघडायला धावलो. (झोळीत जितकं धावता येतं तितकं.) कडी बाहेर. बोटानं रनर ढकलला, तर तो थोडा सरकला आणि माझं बनियन दातांत घेऊन बसला. ओढलं, आणखी बसला. आता मी चेनीला छातीशी चिकटलो होतो. डोक्याकडून निघावं, तर ते तोंड मीच शिवून घेतलेलं; जाळी फाडावी म्हटलं, तर शिवण कोकिळेची. मी हालचाल बंद केली आणि श्वास धरला.

"अवं माय! झाडाले काय टांगलं हे?" सत्यभामाबाई, म्हणजे महादेवरावांच्या घरच्या, म्हणाल्या.

"गहू असन. वाळू घातला."

"गव्हाले पाय असतेत का जी?"

फेटा जवळ आला. "ओ भाऊ! तुळशीरामजी हायेत का घरी?"

तुळशीराम मीच. पण बनियनवर, लटकत, चेनीत अडकून मुलीचा वडील भाऊ म्हणून ओळख द्यायची? माझ्या तोंडून ऑफिसातलं रोजचं वाक्य आपोआप निघालं. "बाहेर गेलेत."

"कवा येतीन?"

"सांगता येत नाही."

"अन् तुमी कोण?"

"मी... मी इथंच असतो."

"जाळीत काऊन ठुलं तुमाले?" सत्यभामाबाईंनी विचारलं. काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "ताप आहे. हिवताप."

हे सांगताना मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. पण बाईंनी पदर नाकाला लावला आणि त्या मागं सरकल्या. महादेवराव खालच्या आवाजात म्हणाले, "घरात रोगी हाय, अन् कोणी सांगतलं नाई. अशा घरची सोयरीक नाई करत आपन. चाला बे शेषराव." शेषराव म्हणजे तो उंच तरुण, उंद्रीच्या शाळेत मास्तर, म्हणजेच नवरदेव.

तिघंही फाटकाकडे वळले. आधीची दोन स्थळं चांगुणाच्या हसण्यानं गेली, हे तिसरं माझ्या जिभेनं निघालं होतं. आईनं जाताना पोरीचा हात माझ्या हातात दिला होता, आणि मी हा असा, छातीशी चेन धरून.

"थांबा!" मी ओरडलो. झोळी एवढ्या जोरानं हलली की निंबाच्या काड्या पाहुण्यांवर पडल्या. "थांबा हो! ताप नाही मला!"

"वात झाला याले," महादेवराव म्हणाले आणि चाल वाढवली.

तेवढ्यात फाटकात कपबशांचा ट्रे घेऊन कोकिळा आली.

"अगं बाई! या ना. असे कुठं चालले?"

"बाई, राग नका मानू. पण घरात रोगी हाय, हे आधी सांगाले पायजे होतं."

"कोन रोगी?"

"ते काय, झाडाले हायेत."

कोकिळेनं माझ्याकडे पाहिलं. मी जाळीतून डोळ्यांनी, भुवयांनी, हातानं खुणा केल्या, की हो म्हण, चुलता म्हण, काहीही म्हण. ती शांतपणे ट्रे ओट्यावर ठेवून म्हणाली, "ते रोगी नाई जी. ते आमचे मालक. चांगुणाचे भाऊ. त्याईले काईच झालं नाई, ते पयलेपासून असेच हायेत."

तिघंही पाहुणे पुन्हा झोळीकडे पाहायला लागले. आणि नेमकी त्याच वेळी, पाहुण्यांचा आवाज ऐकून, डोक्यावर पदर घेतलेली चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं पाहुण्यांना नमस्कार केला. मग वर पाहिलं. मी चेनीला लटकलेला, बनियन गळ्यापर्यंत चढलेलं, उघडं पोट जाळीवर दाबून चौकटीचौकटीचं झालेलं.

तिनं ओठ मिटले. डोळे मिटले. तांब्या थरथरायला लागला. मी मनात म्हटलं, बाळा, एवढं एक वेळ सांभाळ. तेवढ्यात झोळीनं हळूच गिरकी घेतली आणि माझी चड्डीची बाजू तिच्याकडे आली.

ती हसली. बारीक सुरू झालं, मोठं झालं, कावळे उडाले, तांब्या पडला आणि चांगुणा सारवलेल्या अंगणात मटकन बसली. मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

पण मग दुसरा आवाज आला. घोड्याच्या खिंकाळण्यासारखा. डोळे उघडून पाहतो तो शेषराव मास्तर निंबाला टेकून, पोट धरून हसत होते. ते थांबले की ही सुरू, ही थांबली की ते. महादेवरावांनी डोळे वटारले, पण त्यांच्या मिशाही हलायला लागल्या होत्या.

"आता काढता का मला कोणी?" मी विचारलं.

कोकिळेनं सूत्रं हाती घेतली. "मास्तर, तुमी खालून झोळी धरा. चांगुणा, चेन ताणून धर. ओढू नका कोनी, दात तुटतीन." ती आतून कात्री घेऊन आली.

"अगं, जाळी कापू नकोस!" मी कळवळलो. "इतकी सुंदर शिवलीस!"

"जाळी कोन कापून राह्यलं?" म्हणून तिनं फटीतून कात्री घातली आणि माझं बनियन छातीपासून बेंबीपर्यंत कापून काढलं. 'झर्र' झालं. मास्तरांच्या आणि चांगुणाच्या हातांमधून मी अंगणात उतरलो. ती दोघं मात्र एकमेकांकडेच पाहत होती. माझ्याकडे पाहायला कोणी नव्हतं, ते बरंच झालं.

मी सदरा-धोतर चढवून आलो, तेव्हा महादेवराव झोळीत बसले होते. बसून उतरत होते, उतरून बसत होते. चेन उघडत होते, लावत होते. चष्मा लावून शिवण पाहत होते.

"हे कोनी केलं जी?"

"हिनं," मी म्हणालो. इतक्या अभिमानानं मी आयुष्यात काहीच म्हणालो नव्हतो.

"बाई, हात हाय तुमचा! वावरात रातच्या जागलीवर असं पायजे. साप नाई, इंचू नाई." त्यांनी पुन्हा चेन ओढली. "ज्या घरात असं काम होते, त्या घरच्या पोरीले आनखी काय इचाराचं?"

"मले इचाराचं हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. चांगुणा दचकली. बाईंनी तिला जवळ बसवलं. "पोरी, तू रोज अशी हासते का?"

चांगुणानं मान खाली घालून "हो" म्हटलं.

"मंग ये बाई लवकर. आमच्या घरात हा शेषराव एकटाच हासते, अन् येडा दिसते."

सुपारी तिथंच फुटली. आल्या वैशाखात लग्नही ठरलं. मधल्या दिवसांत कोकिळेनं महादेवरावांसाठी तशीच दुसरी झोळी शिवली, या वेळी सगळंच नवं कापड आणून. दोन्ही झोळ्या शेजारी ठेवल्या तर अमेरिकन कोणती आणि आमची कोणती हे सांगता आलं नसतं. म्हणजे आलं असतं. आमची जास्त चांगली होती.

लग्नासाठी मी नवा कोट शिवला होता. शिवला होता म्हणजे कोकिळेनं. डोक्याला फेटा, हातात गुलाबपाण्याची दाणी, मांडवाच्या दारात मी ताठ उभा. अमडापूरचं वऱ्हाड मोटारीतून उतरलं. महादेवरावांनी आपल्या थकलेल्या मावशीला, अन्नपूर्णाबाईंना, हाताला धरून पुढं आणलं आणि मोठ्या आवाजात सांगितलं, "मावशे, हे पोरीचे भाऊ बरं का, तुळशीरामजी."

मी वाकून नमस्कार केला आणि पुन्हा ताठ झालो. म्हातारीनं डोळ्यांवर हात आडवा धरून मला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अवं माय! हा तं उभा बी राह्यते!"