नानांची पाल्याची गाडी

आमचे शेजारी नाना जळगाव स्टेशनला केळी पोचवायला निघाले की गाडीवान सखाराम पुढे बसे आणि नाना मागे घडांच्या मध्ये चक्क आडवे होत. अंगभर केळीचा वाळलेला पाला, बाहेर फक्त पागोटं. नशिराबादेजवळच्या आमच्या गावापासून मालधक्क्यापर्यंत हा माणूस असाच निजून जाई. वाटेत नवखं कोणी भेटलं तर भलताच समज करून घेऊन हात जोडी.

"केयीले कुठी लागते, ते आधी मले लागलं पाह्यजे," हे नानांचं त्यावर उत्तर. खड्डा आला की पाल्यातून आरोळी येई, "सखाराम, डाव्या बरगडीत लागलं!" गाडी थांबे, तिथे पाल्याचा आणखी एक थर सरके आणि नाना पुन्हा आडवे होत.

दिल्लीला जाणारा घड त्यांच्याकडे तुराट्यांच्या टोपलीत बसायचा, आणि तोही केळीच्याच पाल्यात. चिंध्या, कागद, गोणपाट यांचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. "लेकराले मायचंच लुगडं लागते, मास्तर," असं मला ऐकवत. महायुद्धाच्या दिवसांत गोणपाटाचं बारदान मिळेनासं झालं तेव्हा बाकीचे बागाईतदार डोक्याला हात लावून बसले आणि नाना मिशीत हसत पाला झटकत राहिले. दिल्लीहून कोणी आला तर त्याला ते एकच विचारत, तिकडच्या लोकांनी पाल्याचं काय केलं? म्हशीखाली अंथरला म्हटलं की चहा मिळे. फेकून दिला म्हटलं की नुसतं पाणी.

मी त्यांची खूप टिंगल केली आहे. पण त्यांच्या टोपलीतून निघालेल्या केळावर डाग पाहिल्याचं मला आठवत नाही, हेही सांगितलं पाहिजे.

या पाल्याला घरात एकच शत्रू होता, यमुनाक्का, त्यांची बायको. नाना अंगणात पाला सांडत आणि अक्का स्वयंपाकघराच्या दारातून ओरडत, "सांडला का परत? मी काय झाडाले जन्मले का?" मग झाडू घेऊन येत. हे रोजचं होतं. तो आवाज आला की आमच्याकडे चहा ठेवायची वेळ झाली असं समजत.

एका सकाळी अक्का विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं हात जोडले. जळगावला न्या म्हणाला, पण वाटेत हाड हललं तर बाई पुन्हा उभी राहायची नाही. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून जळगावला जाणारी मोटर बंद होती. राहिली बैलगाडी आणि तो रस्ता.

नानांनी गाडीत पाला भरायला घेतला. खाली जाड देठ, वर मऊ पानं, एकेक झटकून. मग स्वतः आत आडवे झाले आणि सखारामला गाडी गावाभोवती फिरवायला लावली. उतरले, डावीकडे भर घातली, पुन्हा निजले, पुन्हा फेरी. घरातून अक्का कळवळून ओरडल्या, "मी इथी मरून राह्यले अन् तुमी फिरून राह्यले!" मलाही त्या क्षणी नानांचा राग आला होता.

अक्कांना पाल्यात ठेवलं, पायाच्या दोन्ही बाजूंनी पाला ठासला आणि गाडी निघाली. मीही सोबत निघालो. नाना प्रथमच गाडीत नव्हते. बैलांच्या पुढे चालत होते, आणि खड्डा दिसायच्या आधीच सखारामला सांगत होते, "उजवी घे. आता हयू हाक. आता परत उजवी." तो रस्ता त्यांच्या बरगड्यांना पाठ होता. अर्ध्या वाटेत अक्कांचं कण्हणं थांबलं. मी घाबरून वाकून पाहिलं, तर त्यांना झोप लागली होती.

डॉक्टर म्हणाले, हाड जागचं हललेलं नाही. चालतील, पण इथे बरेच दिवस राहावं लागेल. अक्कांची बहीण त्यांच्याजवळ थांबली.

परत निघताना सखाराम गाडीतला पाला उपसायला लागला. त्यात अक्कांच्या अंगाचा खोलगट ठसा राहिला होता. "हात नको लावू," नाना म्हणाले. येताना ते गाडीच्या कडेवर पाय सोडून अवघडून बसले, पण त्या ठशावर टेकले नाहीत.

त्याच आठवड्यात बागेतले घड काढणीला आले. नानांनी ते दुसऱ्याच्या गाडीतून पाठवले, आणि चक्क सोबत गेले नाहीत. त्यांची गाडी अंगणात तशीच उभी होती. मी म्हणालो, "नाना, केळी परक्या गाडीत धाडली?"

"हे गाडी भरेल हाये, मास्तर. तिले घरी आनाची हाये."

वाऱ्यानं उडालेली पानं ते पुन्हा कडेनं खोचत होते. खोचताना मूठभर पाला अंगणात सांडला. नानांचा हात थांबला आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग आणखी एक मूठ घेतली आणि ती मुद्दाम सांडली.