मॅकफी यांचं टिपण

कॉलम रॅन्किनचा लेख छापण्याआधी तपासायला नेमका त्याच्याच संगणक विभागातल्या ड्यूगल्ड मॅकफीकडे आला, आणि त्या दिवशी ड्यूगल्डला मिठाची लापशीसुद्धा गोड लागली. तपासणाऱ्याचं नाव लेखकाला कधीच कळत नाही, हा नियम. मग काय, रान मोकळं!

लेखात काय, तर संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एका फंक्शनच्या हाती दुसरं फंक्शन द्यायचं आणि उत्तरात तिसरं घ्यायचं. हे तर्कशास्त्रज्ञांनी चाळीस वर्षांपूर्वी कागदावर केलेलं, अमेरिकेतल्या, याद्या हाताळणाऱ्या संगणक-भाषेतही रुळलेलं. कॉलमनं ते प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. त्याची स्वतःची युक्ती एवढीच, की गरज पडेपर्यंत हिशेब करायचाच नाही.

पण त्या युक्तीवर अख्खं एडिनबरा फिदा! ड्यूगल्डचा नुसता जळफळाट झाला. आपण काय इथे पंचकार्डंच लावत बसायची? त्याला आपलं एक जुनं टिपण अंधुक आठवलं. त्यानं ठोकून दिलं, ‘यात नवीन काही नाही. डॉ. मॅकफी यांनी हे सदुसष्ट सालीच मांडलं आहे. लेखात त्यांचं नाव घालावं.’

पंधरा दिवसांनी चहाच्या खोलीत कॉलम तो शेरा घेऊन आला.

“ड्यूगल्ड, लेका, नऊ वर्षं बोलला नाहीस?”

“जाऊ दे रे. आपल्याला कुठे मिरवायची हौस?” ड्यूगल्डनं बिस्किट चहात बुडवलं.

“पण हे तपासणाऱ्याला सापडलं कसं? तुझी टिपणं तर आपल्या विभागातही कुणी वाचत नाही.”

ड्यूगल्डचं बिस्किट कपातच तुटलं.

“ते टिपण माझ्या कपाटात आहे ना!” विभागाचा सगळा टंकलेखनाचा भार वाहणाऱ्या मिस पेट्री उठल्या.

“कशाला उगाच धुळीत हात घालताय, मिस पेट्री? बसा हो!”

पण त्या टिपण घेऊन आल्यासुद्धा. युक्ती जशीच्या तशी होती. कॉलमचा चेहरा पडला. ड्यूगल्डनं छाती फुगवली.

“खाली तळटीप आहे,” म्हणत मिस पेट्रींनी चष्मा लावला. “‘ही कल्पना रॅन्किन यांनी चहा पिताना सांगितली. मला ती अगदी निरुपयोगी वाटते, तरी नोंद असावी.’”

“अरे, मी तर साफ विसरलो होतो!” कॉलमनं ड्यूगल्डला मिठीच मारली.

लेख छापून आला. कल्पनेचं साल सदुसष्ट झालं. ड्यूगल्डचं नावही आलं, पहिल्याच पानावर. साक्षीदार म्हणून, त्याच्या मतासकट.