लाल बारीक, पांढरी जाड

एकतीस वर्षं मी कचेरीतलं रेकॉर्ड सांभाळलं. साठ सालचा फेरफार मागा की सत्तरची मोजणी, तुमचा चहा गार व्हायच्या आत कागद टेबलावर! तेव्हा घरातली लोकर आवरणं ही माझ्यासारख्या माणसाला काय मोठी गोष्ट आहे, असं मला वाटलं. तेवढं वाटणं बरोबर होतं असं मी अजूनही मानतो. त्यापुढचं सगळं चुकलं.

माझी बायको सुचित्रा विणते. आमच्या श्रीवर्धनात कडाक्याची थंडी पडली म्हणजे पंखा पाचावरून तिनावर येतो. अशा गावात ही बाई तीस वर्षं स्वेटर विणते आहे आणि पुण्याच्या भाचरांना पाठवते आहे. त्यापायी घरात लोकर कुठे नाही ते विचारा. कुकरच्या खोक्यात आहे, उशांच्या अभ्र्यांत आहे, गव्हाच्या रिकाम्या पिंपात आहे. एकदा मी खिचडीसाठी मुगाच्या डाळीचा डबा उघडला, तर आत पिवळी लोकर. रंग इतका हुबेहूब की मी वाटी घेऊन मोजायलाच निघालो होतो.

मार्चअखेरीस ती चार दिवस माणगावला गेली. तिथे आमची मुलगी गौरी असते, तिला सातवा महिना होता. उंबरा ओलांडताना सुचित्रा म्हणाली, "माझ्या लोकरीला हात लावू नका." माझ्या पाठदुखीच्या काळजीनं म्हणत असेल, असा मी अर्थ घेतला.

एस.टी. वळणाआड गेली आणि मी कामाला लागलो. पहिल्या दिवशी घरभरची लोकर दिवाणखान्यात ओतली. मधे उभा राहिलो तर गुडघ्यापर्यंत बुडालो. प्रत्येक गुंडीला एक कागदी पट्टी होती. सगळ्या वेगवेगळ्या आकाराच्या, दिसायला गबाळ्या. त्या काढून बंबात घातल्या. लोकर किती जाड आणि रंगाच्या कुठल्या घाण्यात रंगवलेली, हे त्या पट्ट्यांवर लिहिलेलं असतं आणि ते कळल्याशिवाय पुढे एक टाका घालता येत नाही, हे मला नंतर समजलं. नंतर म्हणजे चार बायकांच्या समोर.

ढिगात अर्धवट विणलेल्या पाच गोष्टीही होत्या, सुयांसकट. त्यांत एक साईच्या रंगाचं दुपटं होतं, गौरीच्या बाळासाठी. तिला ऐनवेळी दाखवायचं म्हणून सुचित्रानं ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. सुया टोकदार, साठवणीच्या दृष्टीनं धोक्याच्या. मी पाचही विणकामांतल्या सुया उपसल्या आणि उंचीप्रमाणे लोणच्याच्या बरणीत उभ्या केल्या. काय सुरेख दिसत होत्या!

आता प्रश्न ठेवायचं कशात. प्लास्टिकमध्ये आमच्याकडे दमट हवेनं बुरशी येते. गोणपाटातून हवा खेळते. सुपारीसाठी आणलेल्या सहा कोऱ्या गोणी उरल्या होत्या. त्यांत मी रंग आणि जाडीप्रमाणे लोकर आणि ती पाच विणकामं भरली, उंदीर शिरू नये म्हणून दाभणानं तोंडं शिवली आणि मार्करनं ठसठशीत लिहिलं : 'लाल बारीक', 'पांढरी जाड', 'मिश्र'. गोणी पडवीत ओळीनं लावल्या आणि शेवटी एकदा लांबून बघितल्या. रिटायर झाल्यापासून इतकं समाधान मला मिळालं नव्हतं.

आमची सुपारीची वाडी लहानशीच. वाळवून सोललेली सुपारी म्हसळ्याचे विनेशशेठ नेतात. त्यांचा टेम्पो गुरुवारी यायचा होता. माल मागच्या खोपीत होता, तो बुधवारी संध्याकाळी पडवीत आणून ठेवतो, असं मी त्यांना सांगितलं होतं. टेम्पो बुधवारी सकाळीच आला.

मी आंघोळीला बसलो होतो. अंगावर पाणी पडत असताना बाहेरून कोणी हाक मारली आणि पडवीतलं नेऊ का, असं विचारलं. पडवीच्या कोपऱ्यात माडाच्या झावळ्या पडल्या होत्या आणि शेजारची आवडाबाई त्या मागून गेली होती. आवडाबाईचा आवाज भरदार आहे. मी आतूनच ओरडलो, "सगळं ने. पडवी मोकळी कर एकदाची."

हाक मारणारा भिकू होता, विनेशशेठचा हमाल. त्यानं पडवी मोकळी केली.

पोहे खात असताना विनेशशेठचा फोन आला. माल पोचला म्हणाले. टेम्पो येऊन खोपीतून सुपारी घेऊन गेला असणार असं मी धरलं आणि पोह्यांवर ओलं खोबरं घेतलं.

"पण काका, माल फार हलका आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, कडक वाळवलाय म्हणून हलका. तर म्हणाले, भिकूनं दोन दोन गोणी एका खांद्यावर आणल्या. मी भिकूच्या तब्येतीचं कौतुक केलं. मग ते म्हणाले, गोणी दाबली की बोट आत जातं.

"दाबता कशाला?" मी म्हणालो. "सुपारी आहे ती, पाव नाही."

मग विनेशशेठनी विचारलं, "काका, आम्ही तीन पिढ्या सुपारी घेतो. ही 'लाल बारीक' कुठली जात?"

मी ताट तसंच सोडून पडवीत धावलो. झावळ्या होत्या. गोणी नव्हत्या. फोनमधून टरटर आवाज आला, शिवण उसवल्याचा. मी "शेठ, शेठ" करत राहिलो. शेवटी त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, काका." आणि फोन बंद.

पुढे मी सात वेळा लावला. उचलला नाही.

मिळेल त्या एस.टी.नं मी म्हसळ्याला निघालो. वाटेत शेजारच्या माणसानं मला बातमी सांगितली, की श्रीवर्धनचा कोणी म्हातारा गोणीत लोकर भरून सुपारी म्हणून विकायला निघाला होता, आजच पकडला. काय एकेक लोक असतात, असं मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

दुकानात शिरलो तर गादीवर सुपारीऐवजी लोकरच लोकर. तिच्यामधे विनेशशेठच्या आई केसरबेन पाय पसरून बसल्या होत्या. भोवती शेजारच्या तीन बायका होत्या. चौघी मिळून माझी वर्गवारी मोडून नव्यानं लावत होत्या. केसरबेनच्या मांडीवर ते दुपटं होतं. सुटलेले टाके त्यांनी एकेक करून उचलले होते आणि खराट्याच्या दोन हिरांवर ओवून धरले होते. विनेशशेठ गल्ल्यामागे उभे राहून माझ्याकडे बघेनात.

मी घडलं ते सगळं सांगितलं. आंघोळ, आवडाबाई, झावळ्या. कचेरीतला अनुभवही सांगितला. केसरबेननी मान वर न करता एकच विचारलं.

"सुया कोणी काढल्या?"

मी म्हटलं, मी. उंचीप्रमाणे लावल्यात. त्या तीन बायकांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला. केसरबेननी चष्मा काढून मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"विनेश, ह्या माणसावर रागावू नको," त्या म्हणाल्या. "हा लबाड नाही. लबाडीला डोकं लागतं."

अशी माझी अब्रू परत मिळाली. विनेशशेठनी चहा मागवला.

चहा होईतो केसरबेननी माझ्याकडून सुचित्राचा नंबर घेतला आणि मी अडवायच्या आत लावला. माणगावहून म्हसळा काही लांब नाही. दोन तासांत सुचित्रा दुकानाच्या पायरीवर उभी होती. मी बोलायला तोंड उघडलं. ती माझ्यावरून पुढे गेली आणि दुपटं हातात घेतलं. हिरांवरचे टाके तिनं बोटानं मोजले, पुन्हा मोजले. एकही कमी नव्हता. तिचे डोळे भरून आले. तिथे मला पहिल्यांदा खरंच वाटलं की आपण हात लावायला नको होता.

मग त्या दोघी बोलायला लागल्या. दोन तास बोलल्या. विनेशशेठनी आणि मी सुपारीच्या जातींबद्दल बोलून बघितलं, पण विषय रंगला नाही. केसरबेनना हल्ली दिसत कमी होतं आणि हात थरथरत होते. आजचे टाके उचलताना हातांत पुन्हा जीव आला, म्हणाल्या. पण नव्यानं काही विणणं आता होणार नाही. सुनांना आवड नाही. माडीवर त्यांची चाळीस वर्षांची लोकर पडून होती. ती सुचित्रानं न्यावी.

सुचित्रा नको म्हणेल असं मला वाटलं. तिनं माडी कुठे ते विचारलं.

आमच्या सहा गोणी म्हसळ्याला गेल्या होत्या. परत आल्या तेरा. टेम्पोतून उतरवताना भिकू मला म्हणाला, "काका, माल हलका हाय, पन जागा लई खातो." जाताना त्यानं खोपीतली खरी सुपारी नेली. प्रत्येक गोणीत हात घालून, खात्री करून नेली. खोपीत आता लोकर राहते. केसरबेन महिन्यातून एकदा येतात आणि दोघी मिळून तिथे काय लावायचं ते लावतात. मी बाहेर चहा नेऊन ठेवतो. आत जायची मला परवानगी नाही.

दुपटं वेळेत झालं. डोहाळजेवणाच्या दिवशी सुचित्रानं ते गौरीच्या मांडीवर ठेवलं, गौरी हरखली, सगळ्या बायकांनी हात फिरवून पाहिलं. मग गौरीनं हसत विचारलं, "आईनं हे केलं. बाबा, तुम्ही बाळासाठी काय करणार?"

मला एक कल्पना सुचली होती. झबली, लंगोट, टोपडी यांची वर्गवारी. मी घसा खाकरला.

"बाबांनी काही करायचं नाही," सुचित्रा म्हणाली, "हीच त्यांची भेट."

आणि एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या आमच्या सगळ्या नातेवाइकांनी माना डोलावल्या.