शनिवारचा मार

इल्मारीने घराच्या मागे वाफेचा सौना बांधायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मनात बायकोच्या भल्याखेरीज काहीही नव्हतं. (नवऱ्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात अशीच असते.)

इल्मारी पाद्री होता. बायको केर्तू आणि आठ वर्षांची आइला यांना घेऊन तो फिनलंडहून सेनेगालला आला, त्याला वर्ष होत आलं होतं. म्बेलाखार हे सेरेर लोकांचं गाव, फातिकच्या बाजारापासून घोडागाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. मिशनचा नियम असा की पहिलं वर्ष संपताना पुढची तीन वर्षं राहणार की परत जाणार हे विचारायचं, आणि ते पाद्र्याला नाही, त्याच्या बायकोला विचारायचं. (नियम करणारा माणूस संसारी असावा.) केर्तूने अजून उत्तर दिलं नव्हतं. इल्मारीला हे गाव मनापासून आवडलं होतं. इथून उठायचं त्याच्या मनात नव्हतं. पण केर्तूला विचारावं, "कशी आहेस?" तर ती म्हणायची, "छान." जेवण? छान. उकाडा? छान. अकरा वर्षांच्या संसारात इल्मारीला एवढं कळलं होतं की बायको सगळ्यालाच छान म्हणू लागली, की सामान बांधायला घ्यावं.

खरं दुखणं दाराचं होतं. फिनलंडमध्ये कोणाकडे न कळवता जाणं म्हणजे आगाऊपणा. त्यामुळे केर्तू कोणाकडे गेली नाही, आणि शेळ्या आत येतात म्हणून स्वतःचं दार लावून बसली. म्बेलाखारमध्ये दिवसाढवळ्या दार लावलं की त्याचे अर्थ दोनच: घरात कोणी आजारी आहे, किंवा नवराबायकोचं वाजलं आहे. दोन्ही वेळी शहाण्या माणसाने लांब राहावं. म्हणून बायका लांब राहिल्या. केर्तूला वाटलं, यांना मी नको आहे. बायकांना वाटलं, हिला आम्ही नको आहोत. आणि इल्मारीला वाटलं, हिला घाम नीट येत नाहीये.

म्हणून सौना. मातीच्या विटांची एक बुटकी खोली, कोपऱ्यात पत्र्याच्या पिंपाची भट्टी, भट्टीवर तापलेले दगड, दगडांवर पाणी, आणि त्या वाफेत दार बंद करून बसलेला माणूस. फिनलंडच्या बर्फात याला फार अर्थ आहे. इथे मे महिन्यात बोअरच्या नळाला हात लावला तरी चटका बसतो. इल्मारीचं म्हणणं असं की आतून बाहेर आल्यावर हीच हवा गार वाटेल. (वाटली. तापल्या तव्यावरून उतरलेल्या भाकरीला परात गार वाटतच असणार.) सौनात अंगावर पानांच्या जुड्या मारून घ्यायची पद्धत असते, रक्त खेळतं म्हणून. तिकडे बर्च असतो, इकडे कडुनिंब होता. इल्मारीने कडुनिंबाच्या जुड्या बांधल्या.

पहिल्याच शनिवारी संध्याकाळी शेजारची याय निलान आपली शेळी शोधत मिशनच्या मागच्या कुंपणापाशी आली. याय म्हणजे आई. निलान अर्ध्या गावाची याय होती आणि उरलेल्या अर्ध्याची आत्या. तिला दिसलं ते असं. खोलीतून धूर निघतोय. आतून सपासप आवाज येतोय. मध्येच पाद्री कण्हतोय आणि त्याच्या भाषेत काहीतरी विनवतोय. (तो "जरा खांद्यावर, केर्तू" असं म्हणत होता.) मग दार उघडलं आणि कमरेला पंचा, अंगाला कडुनिंबाची पानं चिकटलेली, उकडलेल्या कोळंबीसारखा लालबुंद पाद्री धापा टाकत बाहेर पडला. तो बाकावर बसला, आभाळाकडे पाहून हसला, आणि आपण होऊन परत आत गेला.

या शेवटच्या गोष्टीने निलानच्या काळजाचा ठाव घेतला. सुटून आलेला माणूस परत जातो म्हणजे किती धाक असेल.

तरीही ती लगेच कोणाला काही बोलली नाही. आधी बोअरवर पाणी भरायला आलेल्या आइलाला तिने जवळ घेतलं. आइला एव्हाना सेरेर अशी बोलायची की गावातली पोरं तिला चिडवतानाही अडखळायची.

"बाळ, तुझी आई बाबांना मारते का गं?"

"हो. आता दर शनिवारी."

"आणि तुला?"

"मलाही. पण हळू. मी रडत नाही, याय. मीच म्हणते, अजून."

निलानची घागर भरून वाहू लागली तरी तिला कळलं नाही.

पुढच्या रविवारी इल्मारीच्या प्रार्थनेला गर्दी झाली. एरवी समोर सातआठ माणसं असत, त्यांतली दोन पंख्याखाली झोपायला येत. आज मागे उभं राहायलाही जागा नव्हती, आणि सगळे पुरुष. इल्मारी धैर्यावर बोलला. समोरच्या पुरुषांनी ज्या ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, ते पाहून तो आणखी अर्धा तास बोलला. बाहेर पडताना प्रत्येकाने त्याचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरला. एका म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पटकन उचलून घेतला, जणू तिथे दुखत असेल.

"माझी भाषा सुधारली बहुतेक," घरी येऊन तो दारातूनच केर्तूला म्हणाला.

केर्तूला ऐकायला वेळ नव्हता. घरात बायका होत्या. एकीने बाजरीचा कुसकुस आणला होता, दुसरीने सुकी मासळी, तिसरीने पाय बांधलेली जिवंत कोंबडी. याय निलान पाटावर बसून केर्तूला शेंगा कशा भाजायच्या ते दाखवत होती आणि दुसऱ्या हाताने शेळी हाकलत होती. दार सताड उघडं होतं. इल्मारी आत आला तसं सगळ्या गप्प झाल्या, त्याच्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि एकीने तोंडाला पदर लावावा तसा डोक्याचा रुमाल लावला.

हे रोज सुरू झालं. केर्तू त्यांच्याबरोबर बाजरी कांडायला जाऊ लागली. तिच्या तळहाताला फोड आले आणि ते ती कौतुकाने दाखवू लागली. चौथ्या दिवशी इल्मारीने विचारलं, "कशी आहेस?" तर ती म्हणाली, "पाठ मोडून आलीय, आणि त्या कुंबाने माझ्या कांडण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं, मेलीने." इल्मारीला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे देवाचे आभार मानले. सौनाचा गुण इतक्या लवकर येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

शुक्रवारी गावच्या वाली दियुफचं बोलावणं आलं, चहाला ये म्हणून. वाली गावातला वडीलधारा, भांडणं मिटवणारा. त्याच्यासोबत त्याचा मेहुणा लातीर होता, जो चहा करायचा आणि वालीची खोडी काढायचा. मेहुण्याचा तो हक्कच आहे. चिंचेच्या झाडाखाली चटई होती. चहाचे तीन ग्लास होतात, पहिला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड, आणि घरातली नाजूक गोष्ट काढायची तर तिचं नाव न घेता काढायची, एवढं इल्मारीला ठाऊक होतं. फक्त आज नाजूक गोष्ट त्याची आहे हे ठाऊक नव्हतं.

लातीरने पहिला ग्लास पुढे केला.

"मग, शनिवार कसा गेला?" वालीने विचारलं.

इल्मारीचा चेहरा उजळला. गाव आपल्या सौनाची चौकशी करतंय. "फार छान. शनिवारसाठी तर आठवडाभर जगतो मी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्रास होत नाही?"

"सुरुवातीला जरा चुरचुरतं. मग इतकं हलकं वाटतं, काय सांगू. झोपही चांगली लागते."

"कधीपासून आहे हे?"

"लहानपणापासून. आधी आजी, मग आई. आमच्याकडे घरोघरी आहे."

"घरोघरी," लातीर म्हणाला. चहा ग्लासाबाहेर सांडत होता.

"आणि तुझे वडील?"

"वडीलही बसायचे की, आईसमोर. त्यांना तर पहाटेसुद्धा लागायचं."

वाली जवळ सरकला. "पाद्री, लग्नाआधी मुलीची चौकशी नाही केली कोणी?"

"केली ना. तिच्या हाताचं नाव होतं गावात."

दुसरा ग्लास कोणी कसा प्यायला हे कोणालाच आठवत नाही. तो संपल्यावर वालीने इल्मारीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे बघ, तू माझ्या धाकट्या भावासारखा. उद्या संध्याकाळी माझ्याकडे ये. जेव, झोप. ती शांत झाली की सकाळी घरी जा."

"पण उद्या शनिवार आहे."

"म्हणूनच."

"तसं नको. केर्तू वाट बघेल. जुड्या भिजत घातल्यात."

आता मात्र वालीने रीत बाजूला ठेवली. "लेका, तुझी बायको तुला मारते हे गावाला ठाऊक आहे. माझ्यापुढे काय लाजायचं?"

इल्मारीच्या डोक्यात उजेड पडला: रविवारची गर्दी, ओले डोळे, दुखऱ्या खांद्यावरून उचललेला हात. तो घाईघाईने गैरसमज दूर करायला गेला, आणि घाईत माणूस नको तिथून सुरुवात करतो.

"नाही, नाही, तसं नाहीये. मीसुद्धा मारतो तिला. आळीपाळीने मारतो आम्ही."

लातीर तिसरा ग्लास पुढे करत होता. वालीने हात आडवा घालून तो मागे घेतला.

"बाईवर हात उचलणारा माणूस," वाली शांतपणे म्हणाला, "माझ्या चटईवर चहा पीत नाही."

इल्मारी उठला. घाम फुटला होता (आणि तोही भट्टीशिवाय). त्याने शेजारच्या कडुनिंबाची डहाळी तोडली, आपल्या पाठीवर मारून दाखवली, भट्टी सांगितली, दगड सांगितले, वाफ सांगितली, दार बंद करून बसायचं सांगितलं. "आमच्या देशात याने माणसं ताजीतवानी होतात," तो डहाळी हलवत म्हणाला. एक कोंबडी पायाशी आली. त्याने तीच डहाळी तिच्याकडे हलवली. कोंबडीने त्याच्याकडे पाहिलं, डहाळीवरचं एक पान टिपलं, आणि तिथेच बसली.

लातीर चटईवर आडवा होऊन हसू लागला. "दाजी, द्या त्याला चहा. हा बायकोला काय मारतोय. याला भिऊन कोंबडीसुद्धा उठत नाही."

वालीचा चेहरा निवळला. त्याने ग्लास स्वतःच्या हाताने इल्मारीला दिला. "खरंय. आणि बघ कसा आहे, लातीर. बायकोचं नाव खराब होऊ नये म्हणून मारण्याचा आळ स्वतःवर घेतो. या उन्हात चुलीत जाऊन बसतो असं सांगतो. एवढं धड खोटंही बोलता येत नाही बिचाऱ्याला, तरी बोलतो. नवरा असावा तर असा."

इल्मारी तिसरा ग्लास निमूटपणे प्यायला. इतका गोड चहा त्याने गावात कधी घेतला नव्हता. तो घरी परत निघाला. अनोळखी देशातून आलेल्या माणसासाठी एवढं मोठं गाव आठवडाभर काळजी करतं, शनिवारी झोपायला जागा देतं, या उपकाराचं काय करायचं ते त्याला कळेना. आणि त्याच वेळी एक भीती दाटली: हे केर्तूला कळलं तर? बायका तिला कजाग समजून, भीतीपोटी कोंबड्या आणून देतायत हे कळलं, तर ती उद्याच सामान बांधेल.

घरी केर्तू ओसरीवर शेंगा निवडत होती. इल्मारीने चाचरत, अडखळत सगळं सांगितलं.

"मला ठाऊक आहे," केर्तू म्हणाली. "निलान पहिल्याच दिवशी घरात आली आणि सरळ तोंडावर विचारलंन. मी तिला मागे नेऊन सौना दाखवला. मंगळवारी सगळ्या मिळून बसलो आत. कुंबा तर बाहेर यायलाच तयार नव्हती."

"म्हणजे बायकांना खरं काय ते माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"मग पुरुषांना का नाही सांगितलं?"

"बायका म्हणाल्या, इतक्यात नको. आठवडाभर गावातले नवरे हाक मारली की पहिल्या हाकेला येतायत. लातीरने म्हणे स्वतः पाणी भरून आणलं." केर्तूने शेंगांवरची नजर वर केली. वर्षभरात तिचा असा चेहरा त्याने पाहिला नव्हता. "मी मिशनला कळवलंय, इल्मारी. तीन वर्षं राहतोय आपण. इथे माझ्या मैत्रिणी आहेत. तू तेवढं पुरुषांत काही बोलू नकोस."

इल्मारी तिच्याशेजारी बसला. त्याने टोपी काढली, आणि डोळे पुसले ते घामाच्या निमित्ताने. देवाचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे त्याला सुचेना. राहायला मिळत होतं. त्यासाठी तीन वर्षं गावभर मार खाणारा नवरा म्हणून मिरवायचं, तर मिरवू. फक्त एक गोष्ट मनाला लागली होती, ती तो बोलून गेला.

"पण केर्तू, इतक्या माणसांना हे खरं वाटलं, आणि एकानेही 'का' म्हणून विचारलं नाही. ती त्याला का मारत असेल, असा प्रश्न कोणाला पडू नये?"

"पडला होता की," केर्तू म्हणाली. "निलानने आल्या आल्या तेच विचारलं."

"काय?"

"म्हणाली, वर्षभर का थांबलीस?"