जागा बदलली की विसरणारे मुळेकाका

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि अक्षर वाईट, तेव्हा चुका पोटात घाला.

आमच्या मुकुंदवाडीतले मुळेकाका जागा बदलली की माणूस विसरतात. जिन्यात मला विचारतील, "काय गयाबाई, पापड वाळले का?" आणि थोड्याच वेळानं भाजीबाजारात हात जोडतील, "माफ करा, आपण कोण?" दूधवाला त्यांना फक्त दारात ओळखू येतो. एकदा पानटपरीवर त्यालाच त्यांनी विचारलं, "आमचा दूधवाला कुठं राहतो हो?" गल्ली हसते. मीही तोंडाला पदर लावून हसले आहे.

कारकुनीतून रिटायर झाल्यावर काका वेबसाइट बनवायला शिकले. आमच्या बचत गटाची त्यांनीच केली. कुणी किती माल केला, ते गटाच्या एकाच कंप्युटरवर बायांनीच भरायचं. पण प्रत्येक पान नव्यानं नाव विचारायचं. मला एकेक अक्षर शोधावं लागतं. मागं बाया ताटकळलेल्या.

"काय वो गयाबाई, दर वेळी नवीन नाव ठेवायलात का?" मागं उभी असलेली सुमन म्हणाली. सगळ्या हसल्या. माझे कान तापले. मालाचा आकडा न भरताच मी घरी आले. गट सोडायचाच, असं ठरवलं.

काही दिवसांनी काका दारात. "चला, आता नाव एकदाच."

कंप्युटरपुढं बसवून सांगू लागले, "वेबसाइट माझ्यासारखीच. पान बदललं की माणूस विसरते. म्हणून दूरच्या मोठ्या कंप्युटरवर तुमच्या नावाचा एक कप्पा ठेवला. त्याला सेशन व्हेरिएबल म्हणतात. देवळाबाहेर चपलांचा बिल्ला देतात ना? तसा बिल्ला पानापानावर तुमच्यासोबत फिरतो. तो दाखवला की कप्पा उघडतो."

खरंच, पुढच्या पानावर माझं नाव आपसूक आलं.

"मला मात्र असा बिल्ला नाही," काका हळूच म्हणाले. "ओळखीच्याच माणसांना नाव विचारायची लाज वाटते. म्हणून बाहेर मी कुणाकडं बघतच नाही."

मला पदराआडचं हसू आठवलं. मान वर करवेना.

परवा ते भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर रिकामी पिशवी घेऊन उभे होते, नजर खाली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तरी पुढं झाले.

"काका, मी गयाबाई. तुमच्या खालच्या घरातली."

मेथीवालीपाशी परत सांगितलं. मिरच्यांपाशीही सांगितलं. दर वेळी त्यांचा चेहरा उजळला आणि दर वेळी त्यांनी विचारलं, "पापड वाळले का?"